लाल तेलाची साक्ष

शनिवारची सकाळ. अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात घरापुढच्या मोकळ्या जागेत गाडी उभी आहे, बॉनेट उघडे, इंजिन गरम आणि चालू. मालक इंजिनामागच्या नळीतून एक लांब पट्टी ओढून काढतो, तिचे टोक पांढऱ्या कागदावर टेकवतो आणि डागाकडे बघत राहतो. डाग लाल आणि नितळ असला तर त्याचा जीव भांड्यात पडतो. तपकिरी असून करपट वास येत असला, तर आतल्या क्लचच्या चकत्या जळायला लागल्या आहेत. दुधाळ गुलाबी असला, तर रेडिएटरमधले पाणी तेलात उतरले आहे. पाना अजून डब्यातच असतो आणि निम्मे निदान झालेले असते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दुखण्याचा माग तेलावरून लागतो, कारण आतली सगळी कामे तेलच करते. द्रवाकडून काम करून घेण्याच्या कल्पनेचे मूळ मोटारीत नाही, जहाजात आहे. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर स्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करत होता. वाफेचा टर्बाइन भन्नाट फिरतो आणि जहाजाचा पंखा मात्र संथ फिरायला हवा, हा तिथला पेच होता. १९०५ मध्ये त्याने द्रवामार्फत शक्ती पोहोचवणाऱ्या जोडणीचे पेटंट घेतले. दोन चाके एकमेकांना शिवत नाहीत, मधला द्रव एकाची फिरकी दुसऱ्याला देतो.

मोटारीत ही युक्ती घाऊक प्रमाणात आणली जनरल मोटर्सने. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याच्या गटाने चार गिअरांचा हायड्रा-मॅटिक तयार केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो ५७ डॉलर जादा मोजून मिळू लागला. क्लचचे पेडल गेले. विशेष म्हणजे हाताने गिअर टाकताना होणारी खरखर घालवणारी सिंक्रोमेशची युक्तीही याच थॉम्पसनची. म्हणजे आधी त्याने गिअर टाकणे सोपे केले आणि मग ते कामच चालकाच्या हातून काढून घेतले.

महायुद्धात हायड्रा-मॅटिक अमेरिकेच्या एम-५ रणगाड्यांत बसला, आणि युद्ध संपल्यावर रणांगणात पारखलेला गिअरबॉक्स म्हणून त्याची जाहिरात झाली. १९४८ मध्ये ब्यूइकचा डायनाफ्लो आला, १९५० मध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधल्या लिव्होनिया इथला हायड्रा-मॅटिकचा कारखाना आगीत खाक झाला, तेव्हा कॅडिलॅकसारख्या मानाच्या गाडीवरही काही काळ ब्यूइकचा डायनाफ्लो उसना घेण्याची वेळ आली. ही चैन एव्हाना गरज झाली होती.

गरज झाली तशी दुखणीही घरोघर पोहोचली. त्यांचे तीन प्रकार सगळे ओळखून होते. गिअर उशिरा पडणे, गिअर घसरणे म्हणजे इंजिन ओरडते पण गाडी वेग धरत नाही, आणि गिअर बदलताना बसणारा झटका. तिन्हींच्या मागे बहुतेकदा तेलाचा दाब असतो. पंप दाब तयार करतो, झडपांची पेटी तो हव्या त्या वाटेने पाठवते आणि त्या जोरावर क्लच किंवा बँड, म्हणजे फिरत्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा, आवळला जातो. दाब कमी पडला की पकड सुटते. बँड झिजून सैल झाला तरी तेच होते.

बँडचा इलाज मात्र घरी करता येत असे. फोर्डने १९६४ मध्ये आणलेल्या सी-४ गिअरबॉक्सला बँडचे स्क्रू बाहेरूनच होते. गाडी आधाराच्या लोखंडी घोड्यांवर चढवायची, स्क्रूवरचा नट सैल करायचा, स्क्रू १० फूट-पाउंड जोराने आवळायचा आणि मग मोजून उलटा फिरवायचा. मधल्या बँडसाठी पावणेदोन फेरे, लो-रिव्हर्सच्या बँडसाठी तीन. शेवटी नवा नट बसवून घट्ट करायचा. घसरणारा दुसरा गिअर तासाभरात ताळ्यावर येई. चकत्याच जळाल्या असतील तर मात्र स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग नसे, म्हणून आधी तो कागदावरचा डाग.

जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रा-मॅटिक ३५० आणि ४०० मध्ये एक फसवे दुखणे होते. गिअर उशिरा आणि झटक्याने बदलतात, तेल कमी होत जाते, पण जमिनीवर थेंब नाही आणि धुराड्यातून पांढरा धूर. हे सगळे मोठ्या खर्चाचे लक्षण वाटे. प्रत्यक्षात गिअरबॉक्सच्या अंगाला एका बोल्टवर बसवलेली मॉड्युलेटर नावाची डबी फुटलेली असे. तिच्यातला पडदा फाटला की इंजिन आपल्या ओढीने गिअरबॉक्सचे तेल पिऊन जाळत बसते. डबीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी उपसायची. आत लाल तेल दिसले की निदान पक्के.

हे ज्ञान लोकांपर्यंत निरनिराळ्या वाटांनी गेले. ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात १९२५ पासून साडेचार दशके गस विल्सन नावाचा काल्पनिक मेकॅनिक दरमहा एक गाडी गुप्तहेराच्या थाटात बरी करत असे. १९७३ मध्ये टॉम आणि रे मॅग्लिओझी या भावांनी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये ‘हॅकर्स हेवन’ उघडले. गिऱ्हाइकाने जागा आणि हत्यारे भाड्याने घ्यायची, गाडी स्वतः दुरुस्त करायची. पुढे हेच भाऊ ‘कार टॉक’ या रेडिओ कार्यक्रमातून देशभर पोहोचले. फोन करणारे तोंडाने गाडीचे आवाज काढून दाखवत आणि भाऊ हसत-हसवत निदान सांगत.

हातांचेही एक शिक्षण होते. झडपांची पेटी उघडली की आत भुलभुलैयासारख्या अरुंद वाटा दिसतात आणि त्यांत मोजक्या पोलादी गोळ्या. एक गोळी घरंगळली किंवा चुकीच्या खणात बसली तर गिअरच गायब व्हायचा. उलटी पेटी बसवताना गोळ्या पडू नयेत म्हणून त्या व्हॅसलीनने चिकटवून ठेवतात. गाडी चालू झाली की व्हॅसलीन तेलात विरघळून जाते.

खुद्द तेलाची कहाणी तर थेट समुद्रात जाते. सुरुवातीच्या तेलांत स्पर्म व्हेलची चरबी मिसळत, कारण तिने क्लचची पकड मऊ होई. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला नामशेष होऊ घातलेल्यांच्या यादीत घातले आणि चरबीला पर्याय शोधणे भाग पडले. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन-२ तेलाच्या सुरुवातीच्या मिश्रणाने रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरचे डाखच गंजू लागले आणि पुन्हा सुधारणा करावी लागली.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला तपासणीचा एकसारखा सॉकेट सक्तीचा झाला. छोटे यंत्र जोडले की कोड दिसतो. पी०७३० म्हणजे गिअरचे प्रमाण चुकते आहे. पण ते सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, अडकल्याने, दाब कमी झाल्याने की चकत्या जळाल्याने, हे कोड सांगत नाही. त्याच सुमारास अनेक गाड्यांतून तेल बघायची पट्टी गायब होऊ लागली.

भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून पुण्या-मुंबईच्या गर्दीत स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ गाड्या वाढल्या. त्यांच्या पोटात मात्र साधाच पाच गिअरांचा गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र बसवलेले. तिथला झटका बहुधा क्लचप्लेटच्या झिजेचा किंवा त्या यंत्राचा, त्यामुळे करपलेल्या लाल तेलाची खूण तिथे कामाची नाही.

पट्टी नसलेल्या खऱ्या ऑटोमॅटिकचा मालक मात्र अजून शनिवारी गाडीखाली शिरतो. इंजिन चालू ठेवून, तेल ठराविक तापमानाला आले की तो बाजूचा बोल्ट काढतो. भोकातून बारीक धार येते आणि थेंबांवर थांबते, म्हणजे तेल पुरेसे आहे. शेवटचा थेंब तो कागदावर झेलतो आणि कागद उजेडात धरतो.