परतीच्या वाटेवरचा गंज

वळायचे किंवा थांबायचे असेल तर चालकाने हाताने खूण करावी, असे 1939 च्या मोटार वाहन कायद्यात होते. त्याऐवजी यांत्रिक किंवा विजेचे साधन चालेल, एवढी मुभा होती. उजवा हात खिडकीबाहेर आडवा धरला की उजवे वळण, तोच गोल फिरवला की डावे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी विजेचे इंडिकेटर सक्तीचे केले आणि मागच्याला सूचना देण्याचे काम हाताकडून तारेकडे गेले. त्याच सुमारास, 1990 मध्ये, वसई-विरारच्या नियोजनाचा ताबा सिडकोकडे आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई चळवळीने विरोध केला, तरी इमारती वाढल्या, 2009 मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे गाड्यांवर एमएच 48 च्या पाट्या दिसू लागल्या. दिव्यांवर विसंबणाऱ्या या गाड्या ज्या भूमीवर आल्या, तिथेच त्यांच्या दुखण्याचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

मोटारीत वीज दिव्यापर्यंत तारेने जाते आणि बॅटरीकडे परतते ती गाडीच्या पत्र्यातून. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत हेच होते, आजही मुळात हेच आहे. वसईला पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, उत्तरेस वैतरणा आणि मधे मिठागरे. खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगचा स्क्रू गंजतो, होल्डरमध्ये हिरवा थर धरतो. जुलै 2018 सारखा पूर आला की मागचे दिवे पाण्यातच बुडतात. परतीची वाट अडली की वीज शेजारच्या दिव्यातून मार्ग काढते: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच्यासोबत मिणमिणतो. जाणता वायरमन अशा वेळी बल्ब काढण्याआधी होल्डरपासून चेसिसपर्यंत एक वेगळी तार लावून पाहतो. दिवे नीट पेटले, तर दोष सापडला.

यावर कोणी म्हणेल की खड्ड्यांच्या हादऱ्यांनी फिलामेंट तुटते, त्याला हवा काय करणार? हे खरेच आहे. 21 वॅटचा एक बल्ब गेला की फ्लॅशरवरचा भार घटतो आणि टिकटिकीची लय बदलते. ब्रेकच्या पायडलजवळचा स्विचही बिघडतो. पण नवा बल्ब घालूनही दिवा मंदच राहिला, तर हादऱ्यांचे कारण पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: एलईडी आणि संगणक आल्यावर हा प्रश्न उरला कुठे? दिवा बंद आहे एवढे डॅशबोर्ड सांगू शकतो. कुठला स्क्रू गंजला, हे मात्र माणसालाच शोधावे लागते. आणि हाताची जुनी सोयही मुसळधार पावसात, काच वर केलेली असताना कामी येत नाही. दिव्याची गरज सर्वाधिक असते तो मोसम दिव्याला सर्वाधिक घातक, हीच इथली खरी अडचण आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या गाड्यांचे दिवे पावसाळ्याआधी तपासलेच पाहिजेत. व्यावसायिक वाहनांना ठराविक मुदतीने फिटनेस तपासणी आहे. खासगी गाडीला नोंदणीनंतर थेट 15 वर्षांनी. मधल्या काळात पीयूसी होते, पण तिथे धूर तपासतात, दिवे नाही.