टेक्निकलची पोरं

संस्कृत की टेक्निकल? मुलगा सातवी पास झाला की मध्य रेल्वेवरच्या आमच्या उपनगरात हा प्रश्न चाळीच्या गॅलरीतून फिरायला लागायचा. विचारणाऱ्याला संस्कृतात रस नसे आणि यंत्रातही नसे. संस्कृत घेणारा मार्कांचा, टेक्निकल घेणारा कामाचा, असा सरळ हिशेब होता. आमच्या घरात या प्रश्नाची तीन पिढ्यांची उत्तरं साठली होती आणि त्यातली कुठलीच दोन एकमेकांशी जुळत नव्हती.

सगळ्यात जुनं उत्तर अण्णांचं, म्हणजे आजोबांचं. ते रत्नागिरीहून बोटीने मुंबईला आले आणि परळला जीआयपी रेल्वेच्या वर्कशॉपात लागले. शाळेने त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, त्यापलीकडे काही नाही. काम शिकवलं मिस्त्रीने, तेही नाइलाजाने. अण्णा सांगायचे, "मिस्त्री कसब द्यायचा पोटच्या पोराला, नाहीतर जावयाला. आपण लांबून बघायचं. बघताना सापडलो की लगेच, ए, पाणी आण." म्हणून पगार घेऊन, फळ्यावर लिहून, सगळ्या जातीच्या पोरांना एका रांगेत उभं करून कानस चालवायला शिकवणारा माणूस असू शकतो, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. गावात सुताराचं काम सुताराच्या घरात आणि लोहाराचं लोहाराच्या, बलुत्यासकट. शाळेने ते उचललं आणि वाटून टाकलं.

माटुंग्याच्या व्हीजेटीआयचं नाव ते फार आदराने घेत. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने १८८७ मध्ये ही संस्था भायखळ्याला निघाली, कारण मुंबईच्या गिरण्यांना कापड आणि यंत्रं समजणारी माणसं हवी होती. १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली. अण्णांना तिथली एकच गोष्ट माहीत होती, ती लक्ष्मणराव किरलोस्करांची. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटलेला हा माणूस तिथे यांत्रिक ड्रॉइंग शिकवत होता. बढतीची वेळ आली तेव्हा त्याला डावलून अँग्लो-इंडियन माणसाला वर चढवलं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावला सायकलींचं दुकान टाकलं, पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये माळावर किरलोस्करवाडी वसवली. अण्णांच्या सांगण्यात ते साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटून निघत. आपटणं अण्णांचं, राजीनामा खरा.

हाताचं काम शाळेत यावं ही मागणी तशी व्हीजेटीआयच्याही आधीची. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान द्या असं म्हटलेलं आहे. पुढे १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली आणि शाळाशाळांतून टकळ्या फिरू लागल्या. अण्णांचा धाकटा भाऊ गावच्या शाळेत सूत काततो हे कळल्यावर त्यांनी घरी पत्र धाडलं होतं: सूत राहू दे, त्याला इंग्रजी शिकवा. मला हे पत्र फार बोलकं वाटतं. जो माणूस स्वतः हाताच्या कामावर जगत होता त्याला भावाने हाताचं काम करावं असं वाटत नव्हतं. कारखान्यातलं काम आणि टकळी यांत तो फरक करत होता, हेही खरं.

दुसरं उत्तर भाऊकाकांचं. ते आठवीत गेले तो काळ १९५९-६०चा. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली होती. एकाच छपराखाली कुणी साहित्य घ्यावं, कुणी वाणिज्य, कुणी तंत्र, अशी कल्पना. आमच्याकडे छपरं दोन झाली. पुढे वर्गांची लांबट इमारत, मागे सिमेंटच्या पत्र्यांची शेड. पुढच्या इमारतीतले शिक्षक 'सर', मागच्या शेडमधले 'निदेशक'. निदेशकांचा चहा शेडमध्येच जायचा. कुणी तसा नियम केला नव्हता, पण स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी खुर्चीही नव्हती. भाऊकाका याला हसत. मला ते हसण्यासारखं कधी वाटलं नाही. पोरांनी तिथेच काय ते ओळखलं असणार.

पण शेडमध्ये जे शिकवलं जायचं ते काका आजही साठ वर्षांपूर्वीचं नाही तर कालचं असल्यासारखं सांगतात. सुरुवातीला कितीतरी आठवडे नुसतं कानस मारणं. हाताएवढा लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि त्याची कड सपाट करायची. कानस पुढे ढकलताना कापते, मागे घेताना नाही. मागे ओढतानाही दाबली तर दात बोथट होतात. नवशिक्या पोराचे हात झुलतात, कधी पुढे जड, कधी मागे, आणि कड मधोमध फुगते. ते डोळ्यांना दिसत नाही. मग निदेशक गुण्या लावून तो जॉब खिडकीकडे धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड आला की जॉब परत. काका म्हणतात, "सर काही बोलायचेच नाहीत. उजेड दाखवायचे. त्याच्यावर वाद कसला घालणार?"

आखणीसाठी लोखंडावर मोरचुदाचं पाणी चोळायचे. त्याने तांब्याचा पातळ लालसर थर बसतो आणि त्यावर स्क्राइबरने ओढलेली रेघ चकाकते. रेघेवर सेंटर पंचचे ठिपके, मग हॅक सॉ, मग कानस. सुतारकामात रंधा आणि पटाशी, डव्हटेलचा सांधा. वायरिंगमध्ये जिन्याचा दिवा: वरच्या बटणाने लावायचा, खालच्याने मालवायचा. अशा गोष्टी काका बोटं हवेत हलवत सांगतात, तोंडाने कमी.

गणितात ते काठावर पास होणारे. अपूर्णांक त्यांना लेथवर कळले. लेथच्या लीड स्क्रूला इंचाला ४ आटे आहेत, आपल्याला ८ कापायचे आहेत, तर चालवणारं गिअर २० दातांचं आणि चालणारं ४० दातांचं. गुणोत्तर चुकलं की आटा चुकतो आणि नट बसत नाही. शाळेच्या परीक्षेत चुकलेल्या अपूर्णांकाला पाच मार्क जातात. इथे पितळेचा अख्खा तुकडा वाया. त्यात तो काळही मोठा गमतीचा होता. १९५७ मध्ये रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते, बाजारात शेराच्या जागी किलो येत होता आणि शेडमधलं इंग्लिश लेथ मात्र इंच आणि सूत सोडायला तयार नव्हतं. पुस्तकात मिलिमीटर, हातात इंच. काका दोन्हींत विचार करतात, अजूनही. पडदे घ्यायला गेले तरी दुकानदाराचा मीटरचा आकडा मनात इंचांत करून बघतात.

काकांच्या वर्गात सुताराचा एक मुलगा होता. त्याला सुतारकाम निदेशकांपेक्षा जास्त यायचं. त्याच्या वडिलांनी शाळेत येऊन हात जोडले, "याला लाकडावर नका ठेवू, ते आम्ही घरी शिकवू. याला लोखंडावर घ्या." लाकडावर गावची जात चिकटलेली होती, लोखंडावर कंपनीचा पगार होता. त्याच वर्गातल्या भिक्षुकाच्या घरच्या मुलाची आजी त्याची काळी नखं पाहून त्याला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसवून जेवायला घालायची. पुढे तो सीएटला लागला, भांडुपला, आणि पहिला पगार आला तेव्हा तीच आजी शेजाऱ्यांना पेढे वाटत होती असं काका सांगतात. ही पेढ्यांची जोड काकांची असू शकते. गोष्ट सांगणाऱ्याने एवढं करावंच.

काका मॅट्रिक झाले आणि वेळ अशी साधली की त्याचं श्रेय शाळेला द्यायचं की नशिबाला, हे घरात अजून ठरलेलं नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी अॅप्रेंटिसचा कायदा झाला होता, म्हणजे कारखान्यांना उमेदवार घेणं भाग होतं. आग्रा रोडने कुर्ल्याहून निघालं की प्रीमियर ऑटोमोबाइल्स, मुकंद, मग भांडुपची गेस्ट कीन विल्यम्स, पुढे ठाण्याची रेमंड. टेक्निकलच्या पोराला दाखला घेऊन दारोदार हिंडावं लागत नव्हतं. "गेटवर टाइमकीपर विचारायचा, कुठला? टेक्निकलचा म्हटलं की आत." आणि आत गेल्यावर पहिल्याच दिवशी कानस हातात देऊन बघायचे.

या सगळ्यात आत्याचं नाव कुठेच येत नाही, आणि ती ते येऊ दिल्याशिवाय राहत नाही. काकांपेक्षा ती चार वर्षांनी लहान. मुलींच्या शाळेत तिला शिवण आणि गृहशास्त्र होतं. पण घरी भाऊकाकांचा ड्रॉइंग बोर्ड होता, टी-स्क्वेअर होता, टोकदार केलेल्या 2एच पेन्सिली होत्या. काकांना वस्तू हातात घेतल्याशिवाय दिसत नसे; आत्याला कागदावर समोरून, वरून आणि बाजूने काढलेल्या तीन आकृत्या पाहून चौथी, तिरकी, आयसोमेट्रिक आकृती आपोआप दिसायची. वर्षभर काकांच्या ड्रॉइंगच्या शीट्स तिने काढल्या. शाळेने त्या भिंतीवर लावल्या. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि घरातला प्रत्येक मिक्सर, इस्त्री आणि पंखा तिनेच उघडला. मुलींना टेक्निकल का नाही, असा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नाही. तो पडायला हवा होता असं आता म्हणणं सोपं आहे, पण ज्या घरात ड्रॉइंग बोर्ड होता तिथेही तो पडला नाही, हे मला जास्त टोचतं.

माझी पाळी १९८३ ला आली. मी टेक्निकल घेतलं, पण कारणं पार बदललेली होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते. माझ्या वर्गात गिरणीवाल्यांची काही मुलं होती. त्यांच्या घरून एकच सांगणं होतं, कामगार होऊ नकोस. मग ती टेक्निकलला कशाला आली? कारण दहावीला टेक्निकल असलं की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला काही जागा राखीव असत. डिप्लोमा झाला की सुपरवायझर. सुपरवायझर झालं की मशीनला हात लावायचा नाही. काकांच्या वेळी शेडमधून वाट कारखान्यात जायची, आमच्या वेळी शेडमधून जिना वर जायचा. शिकवलेलं तेच होतं, कानस तीच, खिडकीतला उजेडही तोच. पण आम्ही ते मार्कांसाठी शिकलो आणि बारावीपर्यंत विसरलो.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असं नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सुचवलं होतं की दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे जावीत. त्यातून आपल्याकडे शाळांत आला तो 'कार्यानुभव', ज्यात आम्ही मेणबत्त्या आणि कागदी फायली केल्या आणि ज्याचे मार्क सगळ्यांना सारखेच मिळाले. १९७५ ला अकरावी मॅट्रिक जाऊन दहावी आली, मग बारावीला द्विलक्षी विषय आले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने १९९५ पर्यंत पंचवीस टक्के मुलं व्यवसाय अभ्यासक्रमाला असतील असं म्हटलं. देश त्याच्या जवळपासही पोचला नाही. महाराष्ट्रात १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, ज्याला सगळे एमसीव्हीसी म्हणतात, सुरू झाला. त्यातून घडलेली चांगली माणसं मला ठाऊक आहेत. पण सायन्सला नंबर लागला नाही म्हणून एमसीव्हीसी, हा शिक्का काही पुसला गेला नाही. अभ्यासक्रम नवा काढता येतो; निदेशकांची खुर्ची स्टाफरूममध्ये नेणं कुणी मनावर घेतलं नाही.

याला एक ठळक अपवाद शहराबाहेर घडला. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने मुंबईतली कंपनीची संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये, म्हणजे मी उपनगरात कानस मारत होतो त्याच सुमाराला, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतली मुलं वेल्डिंग, शेती, वीज, स्वयंपाक शिकत आणि गावासाठी खरंच उपयोगी पडेल अशी वस्तू करून देत. तिथे मुलीही वेल्डिंग करत होत्या. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चाळीस वर्षांचा उशीर नाही, वीसच वर्षांचा."

आमच्या शाळेची शेड आता बंद असते. जुने निदेशक निवृत्त झाले, जागा भरल्या गेल्या नाहीत. पुढच्या इमारतीत मात्र एका खोलीत थ्रीडी प्रिंटर आला आहे, सेन्सर आहेत. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून देशभरच्या अनेक शाळांना असं साहित्य मिळालं. मी काका आणि आत्याला ती खोली दाखवायला नेलं. काकांनी प्रिंटरमधून निघालेला प्लॅस्टिकचा ठोकळा हातात घेतला, अंगठ्याने कड चाचपली आणि एका मुलाला विचारलं, "हे सपाट आहे का, बघितलंस?" मुलगा म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरमध्ये सपाट आहे." काकांनी तो ठोकळा खिडकीकडे धरला. मुलाला त्यात काय बघायचं ते समजेना, मग आत्याने कंपासपेटीतला त्रिकोण लावून त्याला दाखवलं.

रिक्षातून परतताना मी काकांना विचारलं, तुम्ही तुमच्या मुलाला टेक्निकलला का नाही घातलंत? तो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. काका म्हणाले, "अरे, सोसायटीत लोक विचारतात, मुलगा काय करतो. काय सांगितलं असतं?"

"सांगायचं, बापावर गेलाय," आत्या म्हणाली.

काकांनी विषय आमच्या बाथरूममधल्या गीझरवर नेला. थर्मोस्टॅट गेलेला असणार असं त्यांचं मत पडलं. आत्याचं म्हणणं, थर्मोस्टॅट ठीक आहे, कॉइलवर खार बसलाय. ठाण्यापर्यंत दोघं त्यावर भांडत होती.