खाणभूमीचे पुनःस्थापन व उपद्रवी तणे

उघड्या खाणीतील खनिज काढून घेतल्यावर उरलेल्या उजाड जमिनीवर पुन्हा वनश्री निर्माण करणे, हा खाणभूमीच्या पुनःस्थापनाचा प्रमुख भाग होय. मूळ वनस्पती नाहीशा झाल्याने अशा जमिनीवर आक्रमक तणे लवकर फैलावतात. काही ठिकाणी तर ती पुनःस्थापनाच्या निमित्तानेच आणली गेली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲपालॅचिअन कोळसाक्षेत्राचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास धूप थांबविणे हे तेथील लागवडीचे मुख्य उद्दिष्ट होते. त्यासाठी निकस मातीतही तग धरणाऱ्या परदेशी जाती निवडण्यात आल्या. पूर्व आशियातील ऑटम ऑलिव्ह हे झुडूप मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजन स्थिर करते. त्याचा ‘कार्डिनल’ हा प्रकार कृषिखात्याच्या मृदासंधारण सेवेने १९६३ मध्ये प्रसृत केला. सेरिसिया लेस्पेडेझा ही शिंबावंत वनस्पती व फेस्क्यू गवत यांचाही सर्रास वापर झाला.

३ ऑगस्ट १९७७ रोजी संमत झालेल्या संघीय अधिनियमाने विविधतापूर्ण, परिणामकारक व स्थायी वनस्पती-आच्छादन बंधनकारक केले. मात्र आवश्यक तेथे परदेशी जातींना मुभा ठेवली. वार्षिक पर्जन्य ६६ सेंमी.पेक्षा अधिक असल्यास पाच वर्षे, अन्यथा दहा वर्षे, खाणचालकावर आच्छादनाची जबाबदारी असते. त्यानंतरच त्याचे तारण पूर्णतः मुक्त होते. पुन्हा पेरणी केल्यास ही मुदत सामान्यतः नव्याने सुरू होते. साहजिकच लवकर व दाट वाढणाऱ्या जातींकडे कल राहिला.

पेरलेल्या जाती उपद्रवी वनस्पतींविषयीच्या कायद्यांशी सुसंगत असाव्यात, असेही नियम सांगतात. परंतु एखाद्या जातीचा उपद्रव पुष्कळदा पेरणीनंतर अनेक वर्षांनी उघड होतो. कॅनझस राज्याने सेरिसियाला राज्यव्यापी उपद्रवी तण ठरविले ते २००० मध्ये. ऑटम ऑलिव्हची फळे खाणारे पक्षी त्याचे बी दूरवर पसरवितात. झुडूप तोडले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते, म्हणून ताज्या कापावर तणनाशक लावावे लागते. सेरिसियाचे बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. अशा प्रकारे जबाबदारीची मुदत संपते, तण मात्र मागे उरते.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ॲपालॅचिअन प्रादेशिक वनीकरण उपक्रमाने वेगळी पद्धती पुरस्कारिली. तीत सु. १·२ मी. खोलीचा मातीचा थर न दाबता भुसभुशीत ठेवतात, विरळ वाढणारे आच्छादन पेरतात व स्थानिक वृक्ष लावतात. आरंभी जमीन कमी हिरवी दिसली, तरी वृक्षांना वाव मिळतो.

गोव्यातही लोहखनिजाच्या खाणींतील टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणक्षेत्रावर पुन्हा गवत उगवून ती जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांस योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्याचा आदेश दिला. जमीन किती लवकर झाकली, यापेक्षा ती कशाने झाकली, हा प्रश्न त्यामुळे येथेही महत्त्वाचा ठरतो.