एकाच अक्षराची गाणी

भेंड्यांचा खेळ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. एका पक्षाने कविता म्हणावयाची, तिच्या अखेरच्या अक्षराने आरंभ होणारी दुसरी कविता प्रतिपक्षाने म्हणावयाची, आणि अंक मोजून होईतो ती सुचली नाही, तर त्या पक्षावर भेंडी चढवावयाची. विद्वान मंडळी ह्या खेळास मुलांची करमणूक समजून सोडून देतात. परंतु नांदेड-लातूरच्या प्रदेशापुरते बोलावयाचे, तर ह्या करमणुकीने एके काळी मोठे काम केले आहे, आणि त्याची नोंद कोणी तरी करावयास हवी.

एकेका अक्षरावर गाणे बांधण्याची आवड आपल्याकडे फार जुनी आहे. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदाइसा हिचे 'धवळे' प्रसिद्धच आहेत. पण तिचेच 'मातृकी रुक्मिणी स्वयंवर' हे काव्य त्या मानाने कमी वाचले जाते. मातृका म्हणजे वर्णमाला. वर्णमालेतील अक्षरे क्रमाने घेऊन त्यांवर कडव्यांचा आरंभ करावयाचा, असा तिने नियम घातला. मराठीतील आद्य कवयित्रीने असे बंधन आपण होऊन स्वीकारावे, ह्यात मला पाठांतराची सोय दिसते. कडव्याचे पहिले अक्षर ठाऊक असले, म्हणजे पुढचे कडवे आपोआप ओठांवर येते. महानुभावांना पूज्य असलेले माहूर आपल्या नांदेड जिल्ह्यातच आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

त्याच नांदेडात 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, आणि गुरुपद ग्रंथसाहेबाकडे सोपविले अशी शीख परंपरा आहे. त्या ग्रंथात आपल्या नर्सीच्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यातच गुरू नानकांची 'पट्टी' नावाची रचना आहे, हे मात्र थोड्यांना माहीत असते. पट्टी म्हणजे आपली शाळेतली पाटी! गुरुमुखीतील पस्तीस अक्षरांपैकी एकेक घेऊन तिच्यातील पदे रचलेली आहेत. ज्या ङ अक्षराने एकही शब्द सुरू होत नाही, तेथे नानकांनी काय करावे? त्यांनी 'ज्ञान' हाच शब्द ङ घालून लिहिला. चाळीस वर्षे मुलांना मुळाक्षरे शिकविलेल्या माझ्यासारख्याला ही युक्ती फार आवडली.

पंडित कवींपैकी मोरोपंत (1729–1794) तर अशा बंधनांचे भोक्तेच. त्यांनी शंभरांहून अधिक रामायणे रचली. त्यांपैकी एकात प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे मुळीच येऊ दिली नाहीत. दामयमक नावाचा जो प्रकार आहे, त्यात एका चरणाच्या अखेरची अक्षरे पुढच्याच्या आरंभी येतात. म्हणजे कवी एकटाच दोन्ही पक्षांकडून भेंड्या लावीत बसलेला असतो. काव्यदृष्ट्या ह्यात कसरत फार आणि रस थोडा, असे माझे मत आहे. रसिकांनी रागावू नये.

आता मुख्य गोष्ट. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. वरच्या इयत्तांचे शिक्षणही उर्दूतून. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (1921) किंवा अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, अशा संस्था मोजक्याच होत्या. त्यातच सभा-संमेलनांना सरकारी परवानगी सक्तीची करणारी 'गश्ती निशाण 53' कुप्रसिद्ध होती. परंतु माजघरात वा ओसरीवर बसून कविता म्हणावयास कोणाची परवानगी लागणार? शाळेत उर्दू वाचणाऱ्या कित्येक मुलांचे मराठी भजन-कीर्तनांनी राखले, आणि भेंड्यांनीही राखले, असे त्या पिढीच्या शिक्षकांच्या तोंडून मी ऐकले आहे. मला ते पटते.

तथापि ह्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. उर्दूतही हाच खेळ आहे. त्यास 'बैतबाजी' म्हणतात. शेराच्या अखेरच्या अक्षराने पुढील शेर सुरू करावयाचा. उर्दूचे कित्येक शेर 'है' ह्या शब्दावर संपतात आणि त्याचे अखेरचे अक्षर 'ये'. म्हणून जाणता खेळाडू य ने सुरू होणारे शेर गाठीस बांधून ठेवतो. मराठीत हीच अडचण ल ची. आपली भूतकाळी क्रियापदे ला, ली, ले ह्यांवर संपतात, आणि ल वरची गाणी लवकर सरतात. जुलूम राज्ययंत्राचा होता. भाषेचा त्यात काय अपराध? एकाच गावात एका आळीत बैतबाजी आणि दुसरीत भेंड्या चालत असत, हे आपल्या मराठवाड्याचे खरे वैभव होय.

आजच्या घरांनी काय करावे, असे कोणी विचारील तर मी म्हणेन, म पासून आरंभ करा. समर्थांच्या मनाच्या श्लोकांची संख्या 205. त्यांतील पुष्कळसे 'मना' ह्या संबोधनानेच सुरू होतात. ते मुलांना येत असले, तर म वर त्यांच्यावर भेंडी चढणे कठीण. ल साठी लावण्या, भावगीते, चित्रपटगीते, जे मिळेल ते साठवावे. तेथे सोवळे पाळू नये.

मुलांना सिनेमाची गाणी येतात, परदेशची येतात. मला त्याचे दुःख नाही. जपानात यामाहा कंपनीने 'व्होकलॉइड' ही यंत्राकडून गाऊन घेण्याची विद्या काढली. 2007 साली हात्सुने मिकू नावाची काल्पनिक गायिका तिच्यातून अवतरली. तिच्या गाण्यांतही एकाच अक्षराची जोडी सापडते: 2009 चे 'रोमियो आणि सिंड्रेला', 2010 चे 'रोलिंग गर्ल'. जपानी मुलांचा 'शिरितोरी' नावाचा शब्दांच्या भेंड्यांचा खेळ आहे. त्यात अनुनासिक न वर संपणारा शब्द ज्याच्या तोंडून निघेल तो तत्काळ हरतो. कारण त्या न ने जपानीत शब्दच सुरू होत नाही. आपल्याकडे ळ ची हीच अवस्था. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांनी ळ वर अडलेल्या मुलास ल घेण्याची मुभा दिली, आणि खेळ पुढे चालू ठेवला.