ब्रेक सुधारणा (रेसिंग व्हिडिओ गेम)

ब्रेक सुधारणा म्हणजे मोटार शर्यतींच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूने आपल्या गाडीच्या मूळ ब्रेकऐवजी अधिक क्षमतेचे ब्रेक बसवणे, अथवा ब्रेकचे पॅड, चकत्या आणि पुढील-मागील चाकांमधील बलवाटप यांत बदल करणे होय. इंजिन, टायर, सस्पेन्शन, गिअरबॉक्स व वजनघट यांच्याप्रमाणेच ही सुधारणा गेममधील चलन खर्च करून विकत घ्यावी लागते. ब्रेक चाकाचे फिरणे रोखतो, परंतु गाडीचा वेग प्रत्यक्षात टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळे कमी होतो. त्यामुळे ब्रेक सुधारणेचा लाभ टायरच्या पकडीवर आणि संबंधित गेममध्ये ब्रेकचे गणित कसे मांडले आहे यावर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ग्रॅन टुरिस्मो हा गेम १९९७ साली जपानमध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर प्रकाशित झाला. शर्यती जिंकून मिळालेल्या रकमेतून गाड्या व त्यांचे सुटे भाग विकत घेण्याची त्यातील पद्धत पुढे अनेक गेमनी स्वीकारली. नीड फॉर स्पीड मालिकेतील अंडरग्राउंड (२००३) आणि मोस्ट वाँटेड (२००५) या गेममध्ये ब्रेक हा सुधारणेचा स्वतंत्र विभाग होता. २००५ साली एक्सबॉक्सवर सुरू झालेल्या फोर्झा मोटरस्पोर्ट मालिकेत, तसेच ग्रँड थेफ्ट ऑटो ५ (२०१३) या गेममधील गॅरेजमध्ये मूळ ब्रेकच्या वर स्ट्रीट, स्पोर्ट आणि रेस अशा पायऱ्या आढळतात.

भौतिक तत्त्व

धावत्या गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास, मंदन तेवढेच असताना, थांबण्यासाठी चौपट अंतर लागते. ब्रेक दाबल्यावर पॅड चकतीवर घासतात आणि चाकावर विरोधी बल येते. हे बल टायरच्या पकडीपेक्षा अधिक झाल्यास चाक फिरायचे थांबते व टायर रस्त्यावर घसरू लागतो. घसरणाऱ्या टायरची पकड सामान्यतः कमी होते आणि गाडी वळवण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते.

समजा, एक गाडी ताशी १८० किमी, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने धावत आहे. टायर व रस्ता यांच्यातील घर्षण गुणांक १.० आहे आणि हवेचा परिणाम विचारात घेतलेला नाही. अशा स्थितीत थांबण्याचे अंतर पुढीलप्रमाणे येते :

- मूळ ब्रेक गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट मंदन देऊ शकत असल्यास : सुमारे १४२ मीटर.
- ब्रेक सुधारून टायरची पूर्ण पकड वापरता आल्यास : सुमारे १२८ मीटर.
- त्याहून अधिक बलवान ब्रेक बसवल्यास : सुमारे १२८ मीटरच.
- पुरेशा बलवान ब्रेकसह १.२ घर्षण गुणांकाचे टायर बसवल्यास : सुमारे १०६ मीटर.

पहिल्या सुधारणेने १४ मीटर वाचले, कारण मूळ ब्रेक टायरची पूर्ण पकड वापरू शकत नव्हते. दुसऱ्या सुधारणेने काहीच वाचले नाही, कारण टायरची मर्यादा आधीच गाठली गेली होती. चांगल्या टायरने आणखी २२ मीटर वाचले.

पंख व हवेचा दाब वापरणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये वेग वाढतो तसा टायरवरील भार आणि पकडही वाढते. अशा गाड्यांना उच्च वेगात अधिक बलवान ब्रेकचा उपयोग होतो. मात्र वेग कमी होत जाईल तशी पकड घटत असल्याने चालकाला पेडलवरील दाब हळूहळू सैल करावा लागतो.

उष्णता आणि ब्रेकची क्षीणता

ब्रेक गतिज ऊर्जेचे रूपांतर उष्णतेत करतात. १,५०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी १८० किमी वेगावरून थांबवताना सुमारे १८.७५ लक्ष ज्यूल ऊर्जा उत्सर्जित होते. तिचा मोठा भाग चकत्या व पॅड यांच्यात शिरतो. पॅड प्रमाणाबाहेर तापल्यास त्यांचे घर्षण कमी होते. या स्थितीला ब्रेकची क्षीणता म्हणतात. मोठ्या व हवेशीर चकत्या उष्णता अधिक साठवतात आणि लवकर बाहेर टाकतात. त्यामुळे वास्तवातील शर्यतीत चांगल्या ब्रेकचा मुख्य लाभ पहिल्या वळणावर न दिसता अनेक फेऱ्यांनंतर दिसतो.

ज्या गेममध्ये ब्रेकचे तापमान मोजले जात नाही, तेथे हा लाभ मिळत नाही. इटलीतील कुनोस सिमुलात्सिओनी या संस्थेच्या असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने (२०१९) या गेममध्ये तापमान व झीज या दोन्हींचा विचार केलेला आहे. तेथे सुधारणा विकत घ्यावी लागत नाही. खेळाडू चार प्रकारच्या पॅडमधून निवड करतो आणि ब्रेककडे जाणाऱ्या हवेचे मार्ग किती उघडे ठेवायचे ते ठरवतो.

पुढील व मागील चाकांमधील बलवाटप

ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे सरकतो. पुढील टायरांची पकड वाढते व मागील टायर हलके होतात. बल पुढे अधिक ठेवल्यास गाडी स्थिर राहते, परंतु वळणात शिरताना बाहेरच्या बाजूला ओढली जाते. मागे अधिक ठेवल्यास गाडी चटकन वळते, मात्र मागील चाके घसरून ती गरकन फिरण्याचा धोका असतो.

बलवाटप बदलण्याची सोय बऱ्याचदा महाग सुधारणेसोबतच मिळते. फोर्झा होरायझन ५ (२०२१) मध्ये रेस पातळीचे ब्रेक बसवल्यावर बलवाटप आणि ब्रेकचा दाब जुळवता येतो. ग्रॅन टुरिस्मो ७ (२०२२) मध्ये बलवाटपाचे नियंत्रक स्वतंत्रपणे विकत घेता येते आणि शर्यत चालू असतानाही त्याची मांडणी बदलता येते. अनुभवी खेळाडू अनेकदा वाढीव बलापेक्षा या सोयीसाठीच ब्रेक सुधारतात.

एबीएस आणि नियंत्रण साधने

एबीएस ही प्रणाली चाक अडकण्याच्या बेतात आले की ब्रेकचा दाब क्षणभर कमी करते. गेममध्ये ती चालू असल्यास टायरच्या पकडीपेक्षा अधिक असलेले बल आपोआप कापले जाते. ती बंद असल्यास बलवान ब्रेक हाताळणे कठीण होते, कारण पेडल थोडे अधिक दाबताच चाके अडकतात. कळफलकाची कळ बहुधा पूर्ण दाबलेली किंवा सोडलेली एवढेच ओळखते, तर गेमपॅडचा ट्रिगर आणि चक्रासोबतचे पेडल दाबाचे प्रमाण नोंदवतात. कळफलकावर खेळणाऱ्याने एबीएस बंद ठेवून ब्रेक सुधारल्यास थांबण्याचे अंतर वाढण्याची शक्यता असते.

गेमच्या प्रकारानुसार फरक

आर्केड शैलीच्या गेममध्ये ब्रेक हा गाडीच्या गुणपत्रकातील एक आकडा असू शकतो. तो वाढवला की, टायरचा विचार न होता, मंदन थेट वाढते. अशा गेममध्ये ब्रेक सुधारणा खात्रीशीर लाभ देते. सिम्युलेटर शैलीच्या गेममध्ये प्रत्येक टायरवरील भार व पकड स्वतंत्रपणे मोजली जाते आणि तेथे वर सांगितलेली मर्यादा लागू होते. अनेक लोकप्रिय गेम या दोन टोकांच्या मध्ये येतात. दुकानातील दर्शक पट्टी पुढे सरकली म्हणजे थांबण्याचे अंतर तितकेच घटले असे मानता येत नाही. सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाने ब्रेक दाबून सुधारणेपूर्वीचे व नंतरचे अंतर मोजणे हा खात्रीचा मार्ग आहे.

फेरीच्या वेळेवरील परिणाम

समजा, एका वळणासाठी वेग सेकंदाला ५० मीटरवरून २५ मीटरवर आणायचा आहे. वरील उदाहरणातील मूळ ब्रेकना त्यासाठी सुमारे १०६ मीटर लागतात, तर सुधारित ब्रेकना सुमारे ९६ मीटर. चालक सुमारे १० मीटर उशिरा ब्रेक दाबू शकतो आणि त्यातून जवळपास ०.०७ सेकंद वाचतो. अशी दहा वळणे असलेल्या फेरीत हा लाभ सुमारे ०.७ सेकंदांचा होतो. उशिरा ब्रेक दाबता आल्याने प्रतिस्पर्ध्याला वळणाच्या तोंडाशी मागे टाकण्याची संधीही मिळते. ज्या ट्रॅकवर लांब सरळ भागानंतर तीव्र वळणे आहेत, तेथे हा लाभ अधिक असतो. सलग जलद वळणांच्या ट्रॅकवर तो नगण्य ठरतो.

सुधारणांचा क्रम

फोर्झा मालिकेत प्रत्येक गाडीला कामगिरीचा गुणांक दिलेला असतो आणि त्यावरून तिचा वर्ग ठरतो. ग्रॅन टुरिस्मोमध्येही यासारखी गुणपद्धत आहे. वर्गाची कमाल मर्यादा ठरलेली असल्याने ब्रेकवर खर्च केलेले गुण इतर भागांसाठी उरत नाहीत. टायरमुळे ब्रेक लावणे, वळणे व वेग घेणे या तिन्ही गोष्टी सुधारतात, म्हणून त्यांना सामान्यतः प्राधान्य दिले जाते. वजन घटवल्याने ब्रेकवरील उष्णतेचा भार कमी होतो. चांगले टायर बसवूनही एबीएस बंद असताना पूर्ण दाबाने चाके अडकत नसतील, तर ब्रेकचे बल अपुरे आहे असे समजावे. अशा वेळी ब्रेक सुधारणेचा लाभ सर्वाधिक असतो.

वास्तवातील गाडीशी तुलना

गेममध्ये महाग ब्रेक बहुधा सर्व परिस्थितीत चांगले मानले जातात. वास्तवात शर्यतीसाठी बनवलेले अनेक पॅड तापल्याशिवाय पूर्ण घर्षण देत नाहीत. त्यामुळे रोजच्या रस्त्यावर, थंड असताना, ते साध्या पॅडपेक्षा कमी प्रभावी ठरू शकतात. ओल्या रस्त्यावर किंवा झिजलेल्या टायरवर बलवान ब्रेक थांबण्याचे अंतर कमी करू शकत नाहीत. गेममध्ये चाके अडकल्यास काही सेकंद वाया जातात, तर प्रत्यक्ष रस्त्यावर त्याचा परिणाम अपघातात होऊ शकतो. म्हणून वास्तवातील गाडीबाबत टायरची स्थिती, सुरक्षित अंतर आणि मर्यादित वेग यांना ब्रेकच्या आकारापेक्षा अधिक महत्त्व आहे.