सर्पगंधा आणि सहा पानांचा एक शोधनिबंध

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठेही जा. रक्तदाबाची गोळी घेणारे वडीलधारे माणूस नाही असे घर विरळाच. परंतु ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी वैद्याकडे वा डॉक्टरकडे या विकारावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हते. ते चित्र ज्या काही लेखांनी बदलले, त्यांतला एक मुंबईत लिहिला गेला. लेखक होते हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील.

१९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा सहा पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग. रुग्ण अवघे पन्नास. चार आठवड्यांच्या उपचारानंतर वरचा दाब ८५ टक्के रुग्णांत आणि खालचा ८१ टक्के रुग्णांत उतरल्याचे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

मुळी मात्र नवी नव्हती, आणि तिच्यावर लिहिणारे वकील हे पहिलेही नव्हते. १९३१ सालीच कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका भारतीय वैद्यकीय मासिकात हिचा उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील गुण नोंदवला होता. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी याच मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी केली. या कामाची प्रेरणा हकीम अजमल खान यांची. ते १९२७ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ एका द्रव्याला 'अजमलीन' हे नाव दिले गेले. पाठोपाठ कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा यांच्या प्रयोगशाळेतूनही लेख निघाले. हे सारे छापून आले, पण परदेशातील डॉक्टरांच्या टेबलावर पोचले नाही. निबंध चांगला असून भागत नाही, तो वाचला जावा लागतो. आणि त्या काळी लंडनचे मासिक बोस्टनमध्ये वाचले जाई, कलकत्त्याचे नाही. आमच्या मते सेन-बोस यांच्यावर हा अन्यायच झाला. तरीही वकिलांचे श्रेय उणे होत नाही. परंपरेने सांगितलेला गुण त्यांनी रुग्णागणिक मोजून दाखवला, म्हणूनच परक्याला तो पडताळता आला.

बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ही औषधी आपल्या रुग्णांना देऊन पाहिली. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत मुळीतील 'रेसर्पिन' वेगळे झाले. मग तर या विषयावर लेखांचा पूर आला आणि संदर्भांत वकिलांचे नाव सर्वत्र दिसू लागले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. विल्किन्स यांना तो पुढल्या वर्षी, १९५८ मध्ये. त्याच सीबाचे संशोधन केंद्र आपल्या गोरेगावात उभे राहिले. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि भारतीय वनस्पतींतील द्रव्यांवर तेथे बरेच काम झाले. आता ते केंद्र राहिलेले नाही.

यानंतरचा भाग कटू आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये 'लॅन्सेट'ने एकाच अंकात बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी येथील तीन लेख छापले : रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो! लाखो रुग्ण धास्तावले. आता उद्धृत होऊ लागले ते हे तीन लेख. नोव्हेंबरमध्ये डॉ. वकील वारले.

पुढील पाहण्यांत तो संबंध टिकला नाही. चूक कशी झाली असावी, हे १९८५ मध्ये हॉर्विट्झ आणि फाइनस्टाइन यांनी उलगडले. तुलनेसाठी गट निवडताना हृदयविकाराचे व रक्तदाबाचे रुग्ण वगळले गेले, की त्या गटात रेसर्पिन घेणारे आपोआपच कमी उरतात. आणि मग कर्करोगाच्या रुग्णांत ते जास्त वाटतात. दोष औषधाचा नव्हता, मोजणीचा होता. पण तोवर अकरा वर्षे गेली होती, नवी औषधे बाजारात आली होती आणि सर्पगंधा मागे पडली होती.

अजमलीन मात्र हृदयरोगतज्ज्ञांच्या हाती अजून आहे. हृदयाच्या ठोक्यांतील ब्रुगाडा नावाचा लपलेला दोष उघड करण्यासाठी ते शिरेतून देतात, आणि दिल्लीच्या हकीमसाहेबांचे नाव त्या तपासणीच्या कागदावर येते.