बीपीच्या मशीनची कुळकथा

इंग्लंडातल्या टेडिंग्टन गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी 14 वर्षांची एक घोडी उताणी पाडून बांधली, मांडीच्या रोहिणीत पितळी नळी खुपसली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. हृदयाच्या पातळीपासून रक्त 8 फूट 3 इंच वर चढलं. 1733 साली हेल्सनी ही हकीकत छापली, तेव्हापासून रक्ताचा जोर मोजता येतो हे जगाला ठाऊक झालं. पण अडीच मीटरची नळी माणसाला कोण लावणार? 1828 मध्ये फ्रान्सच्या पॉइझेय यांनी पारा आणला. तो रक्तापेक्षा कितीतरी जड, म्हणून उंच खांब हातभर पट्टीत मावला. आजही बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतात, मग मशीनमध्ये पाऱ्याचा थेंब नसला तरी चालतं.

रोहिणी न कापता मोजायची सोपी रीत इटलीतल्या स्किपिओने रिवा-रोची यांनी 1896 मध्ये दाखवली. सायकलची ट्यूब, तांब्याची नळी, शाईची दौत आणि पारा असा सगळा जुगाड. ट्यूब दंडाला गुंडाळून फुगवायची, मनगटाची नाडी बोटाखाली बंद पडली की पारा वाचायचा. त्यांचा पट्टा फार अरुंद होता, त्यामुळे आकडा फुगून यायचा. तो पुढे रुंद झाला. यात वरचा आकडा मिळे, खालचा नाही. तो दिला 1905 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी. रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया करणारा हा तरुण डॉक्टर. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला की हवा सोडताना ठोके सुरू होतात आणि मग विरतात, एवढंच त्यांनी पानभरही नसलेल्या टिपणात सांगितलं. पुढची सत्तरेक वर्षं डॉक्टर दवाखान्यात फुगा दाबत तेच ऐकत बसले.

म्हणजे बीपी मोजायला कान लागायचा, तोही शिकलेला. धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर तो कुठून यायचा? तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना तयार करून 'भारतवैद्य' उभ्या केल्या. आरोग्याची जाण डिग्रीवाल्याचीच मिरास नाही, हे त्यांनी जिल्ह्याला दाखवलं. पण प्रत्येक म्हातारीच्या उशाशी रोज सकाळी भारतवैद्य कशी बसणार?

ती जागा मशीनने घेतली, आणि इथे कुळात एक गंमत आहे. घरातलं डिजिटल मशीन कोरोत्कोव्हचं लेकरू नाही. ते बहुतेकदा काही ऐकतच नाही. पट्ट्यातली हवा उतरताना नाडीच्या ठोक्यागणिक दाबात बारीक थरथर येते, ती ते टिपतं. ही थरथर फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी 1876 मध्येच, कोरोत्कोव्हच्या 29 वर्षं आधी पाहिली होती. तेव्हा ती मोजणं जिकिरीचं होतं, म्हणून कानाची पद्धत जिंकली. शतकभराने इलेक्ट्रॉनिक्स आलं, 1970 च्या दशकात रुग्णालयांसाठी स्वयंचलित यंत्रं निघाली आणि अडगळीतला मारे परत गादीवर बसला. थरथर सर्वांत मोठी असते तिथे सरासरी दाब असतो. वरचा-खालचा आकडा मशीन त्यावरून हिशेबाने काढतं. म्हणूनच नाडी अनियमित असलेल्या माणसाच्या बाबतीत ते गडबडतं.

जपानच्या ओमरॉन कंपनीने रक्तदाबाचं स्वतःचं पहिलं यंत्र 1973 मध्ये काढलं. त्याच साली आपल्याकडे कालनिर्णय निघालं, आणि आज बीपीचा आकडा बऱ्याच घरांत कालनिर्णयाच्या चौकोनातच पेनाने लिहिलेला दिसतो, दुधाच्या हिशेबाशेजारी. पोरं पुण्याला, आई इकडे कळंबला नाहीतर परंड्याला, आकड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि तिकडून फोन येतो, "आई, गोळी घेतली का?"

मशीन चोख असलं तरी बसणं चुकतं. म्हातारी पाण्याची घागर ठेवून तशीच टेकते, झंपराच्या बाहीवरूनच पट्टा आवळते आणि बटण दाबून सुनेला हाका मारते. आकडा येतो 168. मग फोनाफोनी. पाच मिनिटं गप्प टेकून बसली असती, तर बराच खाली आला असता. दुसरी खोड आपल्या बैठकीची: भुईवर मांडी घालून हात मांडीत ठेवला की पट्टा हृदयाच्या खाली जातो. 10 सेंटिमीटर खाली गेला तर आकडा सात-आठने वाढतो. हेल्सच्या नळीचाच नियम, फक्त उलट्या अंगाने. हाताखाली उशी घातली की भागतं. मशीनसोबतच्या पुस्तिकेतल्या चित्रात मात्र टेबल-खुर्ची असते. भुईवर बसणाऱ्यांचं चित्र कोणी का काढत नाही, कोण जाणे.

आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरतात, उपकेंद्रात बीपी फुकट मोजून मिळतं, पण ते अधूनमधून. रोजचं मशीन ज्याचं त्याने घ्यायचं. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली: 65 वर्षांपुढच्या गरजूंच्या खात्यात 3000 रुपये. कशासाठी, तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा नी-ब्रेस, कमरेचा पट्टा. दंडाच्या पट्ट्याचं नाव त्या यादीत नाही. तेव्हा तो अजून तरी लेकाच्या पैशाने, दिवाळीला साडीबरोबर येतो.